स्टेंट बसल्यावर अर्जुनसाल, गुग्गुळ, लसणाचा काढा: गोळ्यांसोबत की गोळ्यांऐवजी?

रानजाई
सासरे ६४ वर्षांचे. अटॅकनंतर चार महिन्यांपूर्वी एक स्टेंट बसवला. चालू गोळ्या: अ‍ॅस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० दोन वेळा, अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० रात्री, मेटोप्रोलॉल २५, रामिप्रिल २.५. पोटऱ्या दुखतात, कोरडा खोकला हटत नाही, त्यासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळतात. तीन गोष्टी सुचवल्या गेल्यात: अर्जुनसालीचा काढा, गुग्गुळाच्या गोळ्या, आणि लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर उकळून मध घातलेलं ते मिश्रण, ज्यानं म्हणे ब्लॉकेज विरघळतं. हे सुरू करून गोळ्या हळूहळू कमी करायचा त्यांचा विचार आहे. यातलं काय चालेल, किती, आणि कशाला हात लावायचा नाही?

मात्रा_वजन
आधी गोळ्यांचं बघू, कारण तिथे चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही.

स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी धरण्याचा धोका असतो, आणि धरली तर वाहिनी काही मिनिटांत बंद होऊन मोठा अटॅक येतो. अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तकणिकांना, दोन वेगळ्या वाटांनी अडवतात, म्हणून दोन्ही लागतात. अटॅकनंतर ही जोडी साधारण १२ महिने चालते. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर मुदत कमी करतात, पण ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. टिकाग्रेलॉरचा परिणाम ३ ते ५ दिवसांत उतरतो, त्यामुळे 'आठवडाभर बंद ठेवून बघू' हे इथे करायचंच नाही. स्टेंटमधली गुठळी रोखते असं सिद्ध झालेली एकही वनस्पती नाही.

मेटोप्रोलॉल एकदम थांबवली तर नाडी आणि बीपी उसळतं, छातीत दुखू लागतं. अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० नं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळपास निम्मं होतं. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल ७० च्या खाली हवं, आता बरेच डॉक्टर ५५ च्या खाली आणायला बघतात.

आता त्रासाचं. कोरडा खोकला बहुधा रामिप्रिल या बीपीच्या गोळीचा. डॉक्टरांनी ती बदलून टेल्मिसार्टनसारखी गोळी दिली की खोकला काही आठवड्यांत जातो. पोटऱ्यांचं दुखणं अ‍ॅटोर्वास्टॅटिनमुळे असू शकतं, त्यासाठी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. त्यावरून डॉक्टर तिची मात्रा उतरवतात, त्याच जातीच्या रोसुव्हास्टॅटिनवर नेतात किंवा एझेटिमाइब १० ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडतात. लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. सासऱ्यांना गोळ्या नको झाल्यात त्या या दोन त्रासांमुळे असतील, तर पुढच्या भेटीत हेच दोन मुद्दे आधी काढा.

खलबत्ता
वैद्यकीच्या बाजूनं सांगतो. ज्येष्ठमध आजच थांबवा. त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. कधीमधी चिमूटभर घेणं निराळं, रोज दिवसभर चघळणं निराळं. म्हणजे एका गोळीच्या खोकल्यासाठी बीपी वाढवणारी वस्तू चालू आहे.

अर्जुन घेता येईल, पण सोबत म्हणून, आणि हृदयाच्या डॉक्टरांना सांगूनच. पारंपरिक रीत क्षीरपाकाची: साल १ भाग, दूध ८, पाणी ३२. साल ५ ग्रॅम, गाईचं साय काढलेलं दूध ४० मिली, पाणी १६० मिली. मंद आचेवर दुधाएवढं उरेपर्यंत आटवायचं आणि गाळून कोमट प्यायचं. भरड घ्या, वस्त्रगाळ चूर्ण नको. चूर्ण गाळणीतून खाली उतरतं, तळाशी लागतं आणि घसा तुरट करतं. तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लोह धरून ठेवतं, म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. मलावरोध असेल तर अर्जुनानं वाढतो.

साल ओळखून घ्या. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, फिकट राखाडी, पापुद्रे सुटणारी, आतून तांबूस. ऐन या दुसऱ्या झाडाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. काही भागांत ऐनालाही सादडा म्हणतात, म्हणून दुकानात नुसतं 'सादडा' मागितलं की घोटाळा होतो.

अपेक्षा किती ठेवायची? छातीत दुखणाऱ्या रुग्णांवरच्या काही लहान अभ्यासांत फायदा दिसला. पण एम्स, दिल्लीच्या २०१६ साली छापून आलेल्या चाचणीत हृदय कमकुवत झालेल्या १०० रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत ७५० मिग्रॅ अर्क किंवा बिनऔषधी कॅप्सूल दिवसातून दोनदा, १२ आठवडे दिली. हृदयाची पंपिंगची टक्केवारी अर्जुनानं वाढली नाही. मी स्वतः अर्जुनाचा आदर करणारा आहे, तरी स्टेंटच्या गोळ्यांची जागा त्याला देणार नाही.

स्पंदन
गुग्गुळ नकोच. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. गुग्गुळाच्या अर्कानं एलडीएल उतरण्याऐवजी ४-५ टक्के चढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. शिवाय डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या गोळ्यांची रक्तातली पातळी गुग्गुळानं घटते.

लसणाच्या काढ्याचं गणित सोपं आहे. कोलेस्टेरॉल आणि कॅल्शियमचा थर वाहिनीच्या भिंतीच्या आत बसलेला असतो. पोटात गेलेलं व्हिनेगर तिथवर व्हिनेगर म्हणून पोचत नाही. लसणातलं अ‍ॅलिसिन पाकळी ठेचल्यावर तयार होतं, आणि ते बनवणारं विकर (एन्झाइम) उकळताना मरतं. उरतो तो मध. मधुमेह असेल तर तोही साखर वाढवणारा. जेवणातला लसूण खुशाल खा. कच्च्या लसणाचा मारा किंवा कॅप्सूल अ‍ॅस्पिरिन-टिकाग्रेलॉरबरोबर नको, हिरड्यांतून रक्त येतं, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका, दवाखाना गाठा.

'वनस्पती विरुद्ध गोळी' अशी भिंत खरं तर नाहीच. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पानांवर लिहिलं, त्याच कुळातून आजचं हृदयाचं औषध डिगॉक्सिन आलं. आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेनं बीपी उतरतं हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. मग त्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं निघालं, आणि मन खिन्न होण्याचा त्रासही तेव्हाच नीट नोंदला गेला. वजन करून, मोजून देता आलं म्हणून हे सगळं कळलं. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बियांतही हृदयावर काम करणारी अशीच द्रव्यं असतात, आणि चार-दोन बियांनी माणूस दगावतो.

रानजाई
ज्येष्ठमध बंद केला. दोन शंका. साल आटवत बसण्यापेक्षा बाटलीतलं अर्जुनारिष्ट बरं का? आणि सूज येऊ नये म्हणून घरात 'लो सोडियम' मीठ आणलंय, ते ठीक?

खलबत्ता
अरिष्टात गूळ असतो आणि आंबवताना मद्य तयार होतं, ५ ते १० टक्के. मधुमेह, यकृताचा त्रास किंवा झोपेची गोळी असेल तर नको. सासऱ्यांना मी क्षीरपाकच सांगेन. भस्म घातलेली 'हृदयासाठी'ची गोळी कुणी दिली तर उत्पादन परवाना क्रमांक आणि पूर्ण घटकयादी बघितल्याशिवाय घेऊ नका. २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. लवणभास्कर चूर्णही रोज नको, त्यात मिठाचं प्रमाण मोठं.

मात्रा_वजन
ते मीठ परत करा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. रामिप्रिल पोटॅशियम अंगात साठवते, टेल्मिसार्टनही तेच करते. हे मीठ आणि गोळी मिळून रक्तातलं पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर हृदयाची लय बिघडते. साधं मीठच कमी घाला, लोणचं-पापड आवरा. गोळी बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम तपासा.

आणि एक, 'ताकदीसाठी' म्हणून मिळणारी अनोळखी जडीबुटीची पुडी घरात असेल तर फेकून द्या. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं सापडलेलं आहे. ते पोटात असताना छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी ठेवली की बीपी धाडकन कोसळतं. अशी पुडी घेतलेली नसेल तर सॉर्बिट्रेट ५ ची एक गोळी बसून जिभेखाली ठेवायची, उभं राहून नाही. ५ मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करायचा.