एकट्याने फिरायला जाताना छंद घरीच ठेवावा का?

कोरी वही (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आठ दिवस एकटीच फिरून आले. हेतू ठरलेला होता. नोकरीत बदली समोर आहे. ती घ्यायची की नोकरीच सोडायची, हे घरात बसून काही केल्या ठरेना. म्हटलं जरा लांब जाऊ, कुणाशी बोलायला नको, काय ते स्वतःशी बोलू. पिशवीत स्केचबुक, दोन पेनं, जलरंगांची छोटी डबी आणि वॉटरब्रश टाकला.

परत आले तेव्हा वहीत एकतीस चित्रं होती आणि बदलीचं घोडं जिथल्या तिथे.

झालं असं की, तो विषय मनात डोकावला रे डोकावला की हात वहीकडे जायचा. एका संध्याकाळी तळ्याकाठी बसले होते. 'समजा नोकरी सोडली तर' एवढं वाक्य मनात आलं आणि मी समोर तारेवर बसलेला खंड्या काढायला घेतला. खंड्या काही आपल्यासाठी बसून राहत नाही. तो सूर मारायचा, परत यायचा, मी परत काढायचे. सहा खंड्या झाले, अंधार पडला, वाक्य अर्धंच राहिलं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. मी वहीत घातलं होतं, इतकंच.

म्हणून माझं मत: विचार करायला म्हणून एकटं जायचं असेल तर छंद घरी ठेवा. मोकळ्या हातांनी बसायचं टाळता यावं म्हणून आपण कॅमेरा, चित्रं, विणकाम सोबत नेतो आणि वर त्याला साधना म्हणतो. विरोधात जरूर लिहा, फक्त 'छंद जीवन समृद्ध करतो' छापाचं नको, ते मी शाळेच्या निबंधात लिहून झालंय.

डावखुरा

साफ असहमत. मोकळ्या हातांनी बसणं माणसाला कितपत जमतं ते बघा. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला होता. माणसाला पंधरा मिनिटं खोलीत एकटं बसवायचं, मोबाइल नाही, पुस्तक नाही, पेनसुद्धा नाही. फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. झटका आधी सगळ्यांना देऊन दाखवला होता, आणि 'हा टाळायला पैसे मोजू' म्हणणाऱ्यांचीच मोजदाद केली. तरी १८ पुरुषांपैकी १२ आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलं!

वही नसती तर तुमचा निर्णय झाला असता, हे कशावरून? खंड्या काढण्याऐवजी नखं खात बसला असतात.

कोरी वही

असेल. पण नखं खाल्ली असती तर परत येऊन 'काय छान गेले आठ दिवस' असं चारचौघांत सांगितलं नसतं.

नुसताच वाचक

धागाकर्तीला +१. माझी गिटार अशीच चार गावं फिरून आलीय.

उलटसुलट

मी मोजे विणते, त्यामुळे विणकामाचं नाव निघाल्यावर गप्प बसवत नाही.

मोज्याचे दोन भाग असतात. एक नळी. चौसष्ट टाके, गोल गोल, नुसतं सुलट. तास दोन तास विणा, बघायचीही गरज नाही, बोटं आपली चालत राहतात. मग येते टाच. तिथे बत्तीस टाके वेगळे काढायचे, मागेपुढे विणायचं, मग टाच वळवताना ठरलेल्या जागी दोन टाक्यांचा एक करत उलटं फिरायचं. एक टाका चुकला की पुढची सगळी ओळ वाकडी, उसवा परत. टाच विणताना मला कुणी हाक मारलेली चालत नाही, मग स्वतःच्या आयुष्याचा विचार कुठला!

माझ्या बऱ्याच गोष्टी नळीवर सुटल्यात. जवळच्या नात्यातल्या एका माणसाला 'यापुढे पैसे देणार नाही' हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते पाच तासांच्या रेल्वे प्रवासात एका नळीवर जमलं. मोकळ्या हातांनी बसले असते तर नुसती चिडत राहिले असते. हातांना बारीकसं काम असलं की डोक्यातला राग जरा बाजूला सरकतो आणि खालचं दिसायला लागतं. मला तरी.

तेव्हा ताई, छंदाला दोष देऊ नका. तुम्ही आठ दिवस टाचच विणत होतात. उडता पक्षी म्हणजे टाच. भिंत काढायची, बाक काढायचा, झाडाचं खोड काढायचं.

कोरी वही

हे पटलं, आणि नेमकं म्हणूनच माझं म्हणणं सोडवत नाही. बाक समोरच होता. भिंतही होती. मी खंड्याच का निवडला?

उलटसुलट

ते विणकामाच्या अखत्यारीत येत नाही :)

घरकोंबडा

मूळ खोट छंदात नाही, प्रवासात आहे. निर्णय घ्यायला आठ दिवस लांब जावं लागतं, हे खूळ कुणी काढलं? झाव्हिए द मेस्त्र नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी होता. १७९० मध्ये द्वंद्व खेळला म्हणून ट्यूरिनमध्ये त्याला ४२ दिवस खोलीत डांबलं. पठ्ठ्याने पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून भिंतीवरच्या चित्रांपर्यंत 'प्रवास' केला आणि त्याचं प्रवासवर्णन लिहिलं. तिकीट नाही, पिशवी नाही.

दार लावून घरी बसा. फुकट आहे. (हलके घ्या, पण थोडंच.)

डावखुरा

@घरकोंबडा, म्हणजे तोही लिहीतच होता की! मोकळ्या हातांनी कुठे बसला? तुमचं उदाहरण माझ्या बाजूने धरतो, धन्यवाद.

पायवाट

इथे एक गोष्ट कुणीच बोललं नाही, कदाचित बहुतेकांना तिची गरज पडत नाही म्हणून. मी बारा वर्षं एकटी फिरते. एकटी बाई सार्वजनिक जागी काहीही न करता तासभर बसली की लोक तिला वाट चुकलेली समजतात, नाहीतर कुणाची तरी वाट बघणारी. दर दहा मिनिटांनी एक जण येऊन विचारणार. त्यातले काही मदत म्हणून, काही मदत नाही म्हणून. मांडीवर वही असली की मी 'काहीतरी करणारी' होते. चित्र मला येत नाही. मी चौकोन काढते. पानंच्या पानं चौकोन. पण त्या चौकोनांवर मी अशा जागी बसलेय जिथून नाहीतर वीस मिनिटांत उठावं लागलं असतं.

'छंद घरी ठेवा' हा सल्ला मला परवडणारा नाही. शांतपणे विचार करायला आधी शांतपणे बसायला मिळायला हवं.

आणि सोबत काही असलं की एकटेपणा बाटतो म्हणणाऱ्यांसाठी: एकाकी भटक्या म्हणून ज्याचं नाव हमखास घेतात तो जपानी कवी बाशो १६८९ मधल्या त्या लांबलचक पायी प्रवासाला शिष्याला घेऊन गेला होता. सोरा नाव त्याचं.

कोरी वही

@पायवाट, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मलाही कुणी येऊन विचारलं नाही, आणि त्याचं श्रेय मी त्या जागेला देत होते. मूळ मतातून 'घरी ठेवा' मागे घेते. 'पिशवीतून काढताना स्वतःला विचारा' एवढं ठेवते.

काडीवाला

एक खोचक प्रश्न. एकतीसपैकी किती चित्रं तिथूनच ग्रुपवर टाकलीत?

कोरी वही

एकोणीस.

काडीवाला

बघा! खंड्याच का, त्याचं उत्तर मिळालं. बाकाला कोण लाइक देतो?

१९७३ मधला एक गाजलेला प्रयोग आहे, बालवाडीतल्या मुलांवरचा. चित्रं काढायची मुळातच हौस असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच काम झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं ठेवली तेव्हा प्रमाणपत्राच्या बोलीवर काढणारी मुलं त्यांच्याकडे बाकीच्यांपेक्षा कमी वळली. तुम्ही एकट्या गेलाच नव्हता. सगळा ग्रुप खांद्यावर बसून खंड्या बघत होता.

उलटसुलट

काडीवाले, जरा सौम्य.

कोरी वही

असू दे, लागलं ते बरोबर जागी लागलं. पण पूर्ण खरं नाही. पहिल्या तीन दिवसांत रेंजच नव्हती आणि खंड्या दुसऱ्या दिवशीचे आहेत.

बंद झाकण

मी फोटो काढणारा, माझे दोन पैसे. २०१४ मध्येच आणखी एक अभ्यास आला होता. संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तूंचे तपशील कमी आठवले. पण ज्यांना वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला, त्यांच्या आठवणीला तोटा झाला नाही. चित्राचं तर उलटंच आहे. वॉटर्लू विद्यापीठात २०१६ मध्ये असं दिसलं की शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो, अगदी चार सेकंदांत खरडलेलं चित्र असलं तरी.

तेव्हा धागाकर्तीला आव्हान. वही न उघडता एक चित्र सांगा. खंड्या सोडून.

कोरी वही

बसथांब्यावरचा माणूस. पाचवा दिवस, सकाळ. त्याने डावा बूट काढला, उलटा करून झटकला, आत हात घालून काहीतरी शोधलं, सापडलं नाही. परत घातला, दोन पावलं चालला, थांबला, परत काढला. या खेपेला मोजाही काढला. टाचेला भोक होतं आणि खडा त्या भोकातून आत गेलेला. तो त्याने तळहातावर घेतला, बघितला, आणि टाकून न देता शर्टाच्या खिशात ठेवला. मी त्याचा खिसा तीनदा काढला, कारण खडा खिशात आहे हे चित्रात दाखवता येईना.

बस आली, तो गेला. मी पुढचा अर्धा तास तिथेच होते. वही मिटलेली होती, हे आत्ता लिहिताना आठवलं.

बंद झाकण

आणि त्या अर्ध्या तासात?

कोरी वही

बदलीचाच विचार केला. ठरलं नाही. पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय.

घरकोंबडा

अवांतर: @उलटसुलट, टाचेला भोक पडलं की अख्खा मोजा उसवावा लागतो, की नुसती टाच परत विणता येते? माझ्याकडे एक जोडी आहे.

उलटसुलट

नुसती टाच होते. भोकाच्या वरच्या आणि खालच्या ओळीतले सुटे टाके उचला, मधलं फाटलेलं कापून टाका. घाबरू नका, आधी टाके सुईवर घेतले असतील तर काही निसटत नाही. फोटो टाका, सांगते.