मदत हवी आहे: ऑप्टिकल मॉड्युलेटरच्या पेटंटवर हरकती आल्यात, त्यात एक आमचाच पेपर

वडगावची लेक

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहिणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझे मार्गदर्शक सर आणि मी मिळून एक ऑप्टिकल वेव्हगाइड मॉड्युलेटर केला आणि कॉलेजच्या नावानं पेटंटचा अर्ज घातला. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रोव्हिजनल (तारीख राखून ठेवणारा प्राथमिक तपशील), ऑगस्ट २०२३ मध्ये मुदत संपायच्या दोन दिवस आधी पूर्ण तपशील. आता पहिला परीक्षण अहवाल आलाय. उत्तराला सहा महिने असतात, त्यातले साडेचार कुणाला विचारावं याच विचारात गेले. ज्या एजंटानं अर्ज भरून दिला, तो अहवाल आल्यापासून फोन उचलत नाही. सर निवृत्त होऊन धारवाडला असतात, तब्येत नाजूक आहे, त्यांना किती त्रास द्यायचा? उत्तर इंग्रजीतच द्यायचंय (पेटंट ऑफिसात हिंदी किंवा इंग्रजी चालतं), पण मुद्दा आधी मराठीत नीट मांडता आला तरच मला तो पुढं लिहिता येतो. म्हणून इथे आले.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. फायबरमधून जाणाऱ्या लेसरच्या उजेडावर माहिती चढवण्याचं काम मॉड्युलेटर करतो. आमचा लिथियम नायोबेटच्या पातळ फिल्मवर आहे. या स्फटिकाला व्होल्टेज दिलं की त्याचा अपवर्तनांक (उजेड त्यातून किती मंद जातो ते सांगणारा आकडा) किंचित बदलतो, त्याला पॉकेल्स परिणाम म्हणतात. उजेडाची वाट (वेव्हगाइड) दोन फाट्यांत विभागायची, दोन्ही फाट्यांच्या कडेनं इलेक्ट्रोड म्हणजे धातूच्या पट्ट्या ठेवायच्या, व्होल्टेजनं दोन्हींतल्या उजेडाची फेज (लहरीच्या चढ-उताराची स्थिती) उलटसुलट सरकवायची आणि पुढं फाटे परत जोडायचे. फेज जुळली तर उजेड, विरुद्ध झाली तर अंधार. ही माख-झेंडर रचना जुनी आहे, त्यात आमचं काही नाही.

अडचण वेग वाढवताना येते. इलेक्ट्रोडवरून धावणारी मायक्रोवेव्ह लहर आणि वेव्हगाइडमधला उजेड बरोबरीनं चालले पाहिजेत. आमची फिल्म क्वार्ट्झवर आहे, तिथं साध्या इलेक्ट्रोडवरची लहर उजेडाच्या पुढं पळते. तिला आवरायला इलेक्ट्रोडच्या काठाला इंग्रजी टी आकाराचे बारीक दात काढतात. आमच्या वडगावातल्या मागाची फणी डोळ्यांपुढं आणा, तसेच दिसतात. दातांनी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढतो, लहर मंदावते. पण त्याच कारणानं इम्पिडन्सही (लहरीला होणारा विद्युत अडथळा) खाली येतो, आणि ५० ओहमच्या पॅडवरून (सिग्नल जिथून आत येतो तिथून) आलेली लहर पहिल्या दातावरच आपटून थोडी मागं फिरते.

आम्ही काय केलं, तर पॅडजवळच्या दातांच्या आडव्या दांड्या आखूड ठेवल्या आणि पुढं टप्प्याटप्प्यानं लांब करत नेल्या. म्हणजे लहरीला एकदम धक्का बसत नाही. आणि हे करताना समोरासमोरच्या दातांमधलं अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच ठेवलं. माझ्या मते सगळा जीव यात आहे. मायक्रोवेव्हवाले इम्पिडन्स जुळवायला पट्टी रुंद-अरुंद करतात किंवा अंतर वाढवतात. इथे अंतर वाढवलं की उजेडावरचं विद्युत क्षेत्र कमी होतं आणि व्होल्टेज जास्त लागतं.

अर्जात ज्या गोष्टींवर हक्क मागितलाय ते दावे, आणि परीक्षकांनी विरोधात दाखवलेले आधीचे कागद म्हणजे डी१, डी२, डी३. त्यांचं म्हणणं असं: दावा १ (टी आकाराचे दात असलेला मॉड्युलेटर) डी१ या परदेशी अर्जात आहेच. दावा २ (बदलत जाणारे दात) डी१ मध्ये डी२ मिसळलं की जाणकाराला सहज सुचेल. डी२ म्हणजे मायक्रोवेव्ह फिल्टरमधली निमुळती होत जाणारी लाइन. त्यावर पेटंट कायद्याचं कलम ३(एफ), म्हणजे आधीच ओळखीच्या वस्तूंची नुसती मांडामांड. ‘हळूहळू वाढणारी लांबी’ हे शब्द मोघम आहेत अशीही हरकत आहे.

आणि डी३ आमचाच पेपर. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका परिषदेत मी तो वाचला. त्यात बदलत्या दातांची आकृती आहे, अंतर कायम ठेवल्याचंही लिहिलंय. म्हणजे प्रोव्हिजनलनंतर, पण पूर्ण तपशिलाच्या आधी. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता. आज तोच कागद माझ्या विरोधात लावलेला बघून दोन रात्री झोप लागली नाही.

दावा २ वाचेल का? आणि २०२४ मध्ये घेतलेली नवी मोजमापं आहेत, लहरीचं परावर्तन (मागं फिरणं) खरंच कमी झालेलं त्यात दिसतंय. ती जोडता येतील का?

निपाणीकर

ताई, अर्ज चेन्नईला गेलाय ना? आमच्या निपाणीहून ४० किलोमीटरवर कोल्हापूर, तिथल्या माणसाचा अर्ज मुंबईला जातो. तिकडं मराठी जाणणारे भेटतील. पत्ता बदलून फाइल हलवता येते का बघा की.

मलप्रभाकाठ

निपाणीकर, तळमळ कळली, पण तो रस्ता नाही. कर्नाटकातल्या अर्जदाराला चेन्नई, आणि एकदा ठरलेलं कार्यालय सहसा बदलत नाहीत. त्यानं फायदाही काही नाही. सुनावणी लागली तरी ती व्हिडिओवर होते, घरबसल्या.

ताई, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, पेटंट एजंट म्हणून चेन्नईत काम करतो. आधी मुदत. सहा महिन्यांत उत्तर गेलं नाही तर कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असं धरतात. त्या सहा महिन्यांच्या आत फॉर्म ४ (मुदतवाढीचा अर्ज) दिला तर आणखी तीन महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे, तेव्हा पैशासाठी अडू नका. एजंट बदलायचा असेल तर कॉलेजनं नवं अधिकारपत्र द्यायचं, फॉर्म २६. नाहीतर अर्जदार स्वतःही उत्तर देऊ शकतो. परदेशात अर्ज केलेला नाही ना? केला असेल तर फॉर्म ३ (परदेशी अर्जांची माहिती) आजच बघा. २०२४ च्या नियमांनुसार त्याची मुदत अहवालापासून तीनच महिने आहे.

दावा १ साठी भांडू नका. सारख्या दातांचे इलेक्ट्रोड तुमच्या आधीचे आहेत, ते तुम्हीही मान्य करताय. दावा २ मधलं सगळं दावा १ मध्ये घाला आणि ‘अंतर कायम’ हे त्यातच स्पष्ट लिहा. कलम ५९ खाली दावा अरुंद करता येतो. मूळ तपशिलात नसलेलं मात्र आत आणता येत नाही. तुमचं अंतर तपशिलात शब्दांत लिहिलंय का, हे सगळ्यात आधी तपासा. ‘हळूहळू’ काढून टाका. त्याऐवजी ‘पॅडकडून पुढं प्रत्येक गटातली दांडी आधीच्या गटापेक्षा लांब’ असं काहीतरी, तपशिलात जसं असेल तसं.

कलम ३(एफ) मध्ये एक शब्द लोक वाचतच नाहीत. ओळखीच्या वस्तू एकमेकींपासून स्वतंत्रपणे आपापलं काम करत असतील तरच ते कलम लागतं. तुमचा एकेक दात सुटा काही करत नाही. शेजारचा किती लांब आहे यावर त्याचा उपयोग ठरतो. दोन ओळीत हरकत खोडता येईल.

सहज सुचण्याच्या मुद्द्यावर मात्र जास्त घाम गाळावा लागेल. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१५ च्या रोश-सिप्ला निकालात क्रम घालून दिलाय: जाणकार माणूस कोण, कल्पनेचं सार काय, त्या तारखेला त्याला काय माहीत होतं, फरक कुठं आहे, आणि तो फरक मागाहूनच्या शहाणपणाशिवाय सुचला असता का. याच क्रमानं लिहा. डी२ पूर्ण वाचा, नुसतं परीक्षकांनी दाखवलेलं पान नको. त्यात इम्पिडन्स जुळवताना अंतर बदललेलं असेल तर डी२ जाणकाराला तुमच्या उलट दिशेनं नेतंय, असं म्हणता येईल. फिल्टरच्या लाइनजवळ उजेडच नसतो, त्यामुळं अंतर राखायचं कारणही तिथं नाही.

मोजमापं तपशिलात घालता येणार नाहीत. प्रतिज्ञापत्रासोबत पुरावा म्हणून देता येतील. पण परावर्तन कमी होतं हे मूळ तपशिलात सांगितलेलं असेल तरच त्याला वजन.

डी३ बद्दल एक विचारतो. प्रोव्हिजनलमध्ये बदलत्या दातांचा उल्लेख आहे का? कसा? शब्दशः लिहा.

उद्यमबाग

मी पेटंटातला नाही, आमचं लेथ आणि मिलिंगचं वर्कशॉप आहे. पण ‘एवढा बदल तर कारखान्यातला कुणीही करील’ हे ऐकून मला एक खटला आठवला, आमच्या असोसिएशनच्या व्याख्यानात सांगितलेला. भांडी लेथवर धरायच्या साधनाचं पेटंट होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली ते टिकू दिलं नाही. नुसती कारखान्यातली सुधारणा म्हणजे शोध नव्हे असं म्हटलं. ताईंच्या बाबतीत तेच होईल का?

मलप्रभाकाठ

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल. बरोबर आठवलं, परीक्षक नेहमी दाखवतात. पण त्याच निकालात असंही आहे की जुन्या वस्तूंच्या मेळातून नवा किंवा अधिक चांगला परिणाम निघाला तर तो शोध होऊ शकतो. म्हणून ताईंनी ‘दात लहान-मोठे केले’ इथं थांबायचं नाही. परावर्तन कमी झालं आणि व्होल्टेज वाढलं नाही, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या पाहिजेत. आजवर एक मिळवायला दुसरी सोडावी लागत होती, हे दाखवा.

वडगावची लेक

दादा, तुम्ही इतकं लिहिलंत, मी दोनदा वाचून काढलं. परदेशात अर्ज नाही. अंतराबद्दल पूर्ण तपशिलात स्पष्ट वाक्य आहे, परावर्तनाबद्दलही आहे.

काल बाबांनाही समजावलं. ते हयातभर उद्यमबागेत टर्नर होते. म्हणाले, “दात लहान-मोठे केलेस, एवढंच ना?” मग मी फणीचं चित्र काढून अंतर दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, “म्हणजे टूल बदललं पण क्लिअरन्स हलू दिला नाहीस.” हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

प्रोव्हिजनलमध्ये एकच ओळ आहे, मराठीत सांगायचं तर: ‘सर्व दात सारखे असणे आवश्यक नाही, लहरीच्या मार्गावर त्यांची लांबी बदलता येईल.’ बस. अंतराचं नाव नाही.

मलप्रभाकाठ

एवढ्या ओळीवर पूर्ण भिस्त ठेवता येणार नाही. कलम ११ प्रमाणे दाव्याला प्रोव्हिजनलची तारीख मिळायला तो दावा त्यातल्या मजकुरावर रास्तपणे आधारलेला असावा लागतो. तसं ठरलं तर फेब्रुवारीतला पेपर आपोआप बाजूला पडतो, कलम ३३ त्यासाठीच आहे. नाही ठरलं तर दाव्याची तारीख ऑगस्ट २०२३, म्हणजे पेपर आधीचा ठरतो.

मग दुसरा आधार कलम ३१(डी). संशोधकानं विद्वत्संस्थेपुढं वाचलेला, किंवा तिच्या कामकाजात त्याच्या संमतीनं छापलेला पेपर बारा महिन्यांच्या आत अर्ज असेल तर आडवा येत नाही. २०२४ पासून त्याला फॉर्म ३१ आहे. पण परिषद कुणाची होती? एखाद्या विद्वत्संस्थेची की कॉलेजच्या विभागानं भरवलेली? कलमातली सूट अरुंद आहे, कुठलीही परिषद त्यात बसत नाही.

प्रोव्हिजनलसोबत आकृत्या होत्या?

वडगावची लेक

परिषद एका व्यावसायिक संस्थेच्या शाखेनं भरवली होती, पेपर त्यांच्याच कामकाजात छापलाय. प्रमाणपत्र आणि कार्यक्रमपत्रिका दोन्ही कपाटात सापडल्या.

आकृत्यांचं विसरलेच होते. आत्ता पेटंट ऑफिसच्या पोर्टलवरून प्रोव्हिजनल परत उतरवलं. शेवटच्या पानावर सरांनी हातानं काढलेली आकृती ३ आहे. मी ती स्कॅन करून लावली होती, एवढंच आठवत होतं. पॅडजवळचे पहिले तीन दात आखूड आहेत, पुढचे लांब. आणि दातांची टोकं दोन समांतर रेघांवर आहेत. सरांनी पट्टी ठेवून त्या रेघा ओढलेल्या दिसतात. सरांना फोन लावला, ते म्हणाले, “मग, अंतर हलवायचं नव्हतंच की पहिल्यापासून.”

त्या रेघांना आकडा नाही, शब्द नाही. तरी चालेल का?

मलप्रभाकाठ

ताई, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आकृती तपशिलाचाच भाग असते. हातानं काढलेल्या आकृतीवरून मायक्रॉनचं माप सिद्ध होत नाही, पण ‘दात बदलतात, अंतर तेच राहतं’ हे नातं जाणकाराला तिच्यात दिसतं असं ठामपणे मांडता येईल. ती ओळ आणि आकृती ३ एकत्र ठेवून आधी तारखेचा मुद्दा मांडा. कलम ३१ चा त्याखाली, पर्याय म्हणून, परिषदेच्या कागदांसह. परीक्षक मान्य करतीलच असं मी सांगू शकत नाही. सुनावणी मागून ठेवा. सुनावणीनंतर लेखी निवेदनाला १५ दिवस मिळतात, तिथं राहिलेलं भरून काढता येतं.

उत्तर लिहायच्या आधी पोर्टलवर जी०२एफ १/०३५ आणि १/२२५ या (वेव्हगाइड मॉड्युलेटरच्या) पेटंट-वर्गांतले भारतीय अर्ज शोधा. प्रसिद्ध झालेल्या अर्जांचे परीक्षण अहवाल आणि त्यांना दिलेली उत्तरं तिथं उघडी असतात. चार-पाच वाचलीत की भाषा हाताला बसेल.

एक विनंती. तुमचा मूळ अर्ज प्रसिद्ध झालाय, त्यावर इथे बोलायला हरकत नाही. पण २०२४ नंतर काही नवीन सुधारणा केली असेल तर ती या धाग्यावर लिहू नका, पेपरातही पाठवू नका.

वडगावची लेक

नाही लिहिणार. फॉर्म ४ उद्याच कॉलेजच्या ऑफिसात सहीला देते, आणि डी२ आजपासून पहिल्या पानापासून वाचायला घेते. आकृती ३ ची मूळ प्रत सरांकडं असेल तर रविवारी धारवाडला जाऊन बघून येईन.