हॅलोविनला सेलमला जाऊ नका! (कोण कोण सहमत?)

चार्ल्सकाठी:
सप्टेंबर संपत आला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, पुण्याहून आईबाबा आलेत, हॅलोविनला (३१ ऑक्टोबर, भुताखेतांचा सण) बोस्टनजवळचं ते चेटकिणींचं गाव सेलम दाखवायचं का. दरवेळी तेच तेच टायपायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहितो. माझं मत, ऑक्टोबरात जाऊ नका आणि शेवटच्या शनिवारी तर अजिबातच नाही.

मी तीनदा गेलोय, गेल्या खेपेला सासूसासऱ्यांना घेऊन. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने जेमतेम अर्धा तास, तिथपर्यंत मस्त. पुढे एसेक्स स्ट्रीटवर पाऊल ठेवलं की विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रोड, फक्त गणपती नाहीत. पंचेचाळीस हजाराच्या आतबाहेर वस्तीचं गाव आणि हल्ली एकट्या ऑक्टोबरात दहा लाखांवर माणसं येतात. सासऱ्यांना बाथरूमसाठी चाळीस मिनिटं लायनीत उभं राहावं लागलं, ते अजून ऐकवतात.

पण गर्दी हे खरं कारण नाहीच. १६९२ मध्ये तिथे चेटकं करतात म्हणून १९ जणांना फाशी दिली, त्यात ५ पुरुष होते, आणि जाइल्स कोरी नावाचा ऐंशीच्या घरातला म्हातारा कोर्टात ना हो म्हणेना ना नाही, तर त्याच्या छातीवर दगड रचून रचून मारला. एकही चेटकीण नव्हती हो त्यात, शेजारीपाजारी होते सगळे. जुन्या दफनभूमीला लागून त्यांचं स्मारक आहे. भिंतीतून बाहेर आलेल्या ग्रॅनाइटच्या २० फळ्या, प्रत्येकीवर नाव, कसं मारलं ते आणि तारीख. उंबरठ्याच्या दगडांवर त्यांचीच वाक्यं कोरलीत, मी निरपराध आहे वगैरे, आणि वाक्य वाचता वाचता भिंतीखाली जातं, अर्धंच राहतं. मी गेलो तेव्हा एका फळीवर काळी टोकदार टोपी घातलेली पोरगी बसून काडीवरचं कॅरमलवालं सफरचंद खात होती. नाव तिच्या मांडीखाली. तिची काय चूक, तिला तो बाकडा वाटला.

झाडूवाली_मावशी:
अजिबात सहमत नाही. गर्दी नको तर जत्रेला जायचं कशाला, घरी बसून यूट्यूबवर बघा की. मी वेस्टफोर्डहून दरवर्षी पोरांना घेऊन जाते आणि अख्ख्या अमेरिकेत हा एकच रस्ता असा बघितलाय जिथे सत्तरीची आजी आणि सात वर्षांचं पोर दोघंही नटून थटून अनोळखी माणसांबरोबर फोटो काढत फिरतात. इथे एरवी कोण बोलतं का कोणाशी?

आणि स्मारकाचं म्हणाल तर साल बघा जरा. ऑक्टोबरातली ही जत्रा सुरू झाली १९८२ ला, स्मारक झालं १९९२ ला. फाशीची नक्की जागा २०१६ मध्ये सांगितली गेली, तीही निघाली एका औषधाच्या दुकानामागच्या खडकाळ उतारावर. आणि त्या खटल्यांत दोषी ठरलेल्यांपैकी शेवटची राहिलेली एलिझाबेथ जॉन्सन कायद्याने निर्दोष ठरली २०२२ मध्ये, ते पण नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीतल्या पोरांनी पाठपुरावा केला म्हणून. म्हणजे गंभीर तोंडं करून बसलेल्या मोठ्या माणसांनी तीनशे वर्षांत काय दिवे लावले? ती टोपीवाली गर्दी येते म्हणून ती २० नावं निदान वाचली तरी जातात.

सातपुडा_पॅसेंजर:
मावशी, थोडं कडू बोलतो. मी नंदुरबारचा. आमच्याकडे डोंगरातल्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवायचे प्रकार अजून पूर्ण थांबलेले नाहीत, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा येऊनसुद्धा. एखादीला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, कारण काय तर कोणाची म्हैस मेली. आता समजा अशाच एका बाईच्या गावात डाकीण महोत्सव भरला, डाकीण वडापाव, डाकीण टीशर्ट. पोरांना घेऊन जाल?

सेलमच्या पोलिसांच्या गाडीवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं चित्र असतं. ज्यांनी बेड्या घातल्या त्यांच्याच गाडीवर! मला ते बघून हसू येईना.

झाडूवाली_मावशी:
मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. पण तुमच्याकडे ते आज चालू आहे आणि इथे सव्वातीनशे वर्षं होऊन गेलीत, दोन्ही एकाच तागडीत कसं घालता? आपण नरकासुर जाळताना कोणी रडतं का?

फोव_खाणारो:
नरकासुराचं नाव निघालं म्हणून आलो. सेलमबिलम सोडा, दिवाळीच्या आदल्या रात्री पणजीला नाहीतर म्हापशाला या. बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत, वरून कागद, आणि मुखवट्यावर वाड्यातली पोरं रात्र रात्र जागलेली. पहाटे जाळायचा, घरी येऊन आंघोळ, कारीट पायाखाली चिरडायचं, जिभेला कडू लावायचं आणि मग पाच तऱ्हेचे फोव, म्हणजे तुमचे पोहे. २०२४ ला तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आलेली, म्हणजे तुमचा हॅलोविन आमच्याकडे पहाटेच संपला.

पर्वरीची_पाहुणी:
पाच तऱ्हेचे फोव सांगितलेत, पहाटे चारपर्यंत खिडक्यांची तावदानं थरथरवणारे स्पीकर नाही सांगितले. आणि नरकासुर दोन मजली, त्याच्यापुढे कृष्ण केवढा तर हातभर, कुठेतरी कोपऱ्यात. सकाळी रस्ताभर अर्धवट जळालेल्या तारा, माझ्या स्कूटरचं टायर त्यातच गेलं. तरी मुखवटे बघायला रात्री नऊच्या आत एक चक्कर मारते मी, ते मात्र खरंच बघण्यासारखे.

हडसनकर:
अहो मूळ प्रश्न आईबाबांचा होता ना? मग न्यूयॉर्कच्या वर क्रोटन-ऑन-हडसनला जा. व्हॅन कोर्टलँड मॅनरच्या आवारात रात्री ७ हजारांच्या वर कोरलेले भोपळे पेटवतात, डायनासोर काय, मधमाश्या काय. तिकीट वेळेचं असतं त्यामुळे चेंगराचेंगरी नाही, तासाभरात बाहेर. माझे बाबा आधी म्हणाले भोपळे बघायला एवढे डॉलर? मग बाहेर निघताना स्वतःच परत एक फेरी मारू म्हणाले, सोडलं नाही ती गोष्ट वेगळी.

जवळच स्लीपी हॉलो. त्या गावाचं नाव १९९६ पर्यंत नॉर्थ टॅरीटाऊन होतं, गाड्यांचा कारखाना बंद पडला त्याच वर्षी स्लीपी हॉलोच्या जुन्या भुताच्या गोष्टीवरून नाव बदलून घेतलं. म्हणजे पोटासाठी भूत सगळेच विकतात, पण यांचं भूत निदान गोष्टीतलं, कोणाची खरी आजी नव्हे.

चार्ल्सकाठी:
हडसनकर, शेवटचं वाक्य मला सुचायला हवं होतं. मावशींची सालं पण मान्य, आधी जत्रा मग स्मारक हे मी कधी जोडून बघितलं नव्हतं. तरी माझा सल्ला तोच, फक्त थोडा बदल. सेलमला जा, पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या वारी. पानं गळालेली असतात, थंडी बोचते, स्मारकात तुम्ही आणि एखादा कुत्रा फिरवणारा. त्या खटल्यांतल्या जज कॉर्विनचं काळं घर आरामात बघून होतं. पीबॉडी एसेक्स म्युझियम चुकवू नका, सेलमची जहाजं आपल्याकडे व्यापाराला यायची आणि तिथे आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह आहे.

नवीन_आलेली_नाशिककर:
प्रश्न विचारणारी मीच होते ग्रुपवर. सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणते नोव्हेंबरात जाऊ, त्या फळ्यांवर ती बसणार नाही, पण टोपी तिला पाहिजेच आहे. नोव्हेंबरात टोप्या अर्ध्या किमतीत मिळतात का हो?