शब्दचर्चा: यंत्राचं 'जीवनचक्र', 'आयुष्य' की आणखी काही?

तापीकाठची
नमस्कार मंडळी. जळगाव भागातल्या जिनिंग (जिन यंत्राने कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या) आणि डाळमिल मालकांसाठी 'लाइफ सायकल असेसमेंट'वर एक छोटी मराठी पुस्तिका करतेय. यंत्राचं लोखंड खाणीतून निघालं तिथपासून यंत्र भंगारात जाईपर्यंत हवा, पाणी आणि जमिनीवर एकूण काय परिणाम झाला, याचा हिशेब. सरकारी कागदांत 'जीवनचक्र मूल्यांकन' असतं. एका मालकांना मसुदा दाखवला तर म्हणाले, "ताई, हे अळी-कोष-फुलपाखरू आहे का?" बोंडअळीच्या मुलखात हा प्रश्न रास्तच आहे. त्यापेक्षा 'आयुष्य' घेऊ का? आणि 'फंक्शनल युनिट', 'इन्व्हेंटरी', 'अ‍ॅलोकेशन' यांना काय म्हणायचं? 'क्रेडल टु ग्रेव्ह'चं 'पाळण्यापासून थडग्यापर्यंत' मात्र सुचवू नका, आधीच सांगते.

धुळेकर
जीवनचक्र ठेवा. शब्द रुळलाय आणि चुकीचाही नाही. चक्र म्हणजे फिरून मूळ जागी येणं. जुन्या जिनची बिडाची चौकट मोडीत निघते, भंगारवाला उचलतो, ती पुन्हा भट्टीत वितळते. जालन्याच्या भट्ट्या भंगारावरच तर चालतात. मोटारीतलं तांबंही वाया जात नाही.
पण सगळ्याच यंत्रांचं तसं नाही. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग आहे. त्यांचा खांब उद्या वितळवता येईल. पाती काचतंतू आणि राळेची असतात, ती एकदा कडक झाली की वितळत नाहीत. तिथे चक्र अर्धवट राहतं, आणि हिशेबात नेमकं हेच दिसलं पाहिजे.

जिनिंगवाला
'आयुष्य' नको ताई. आमच्याकडे 'मशीनचं आयुष्य किती?' विचारलं की उत्तर येतं 'पंधरा वर्षं'. सीए घसारा काढताना तेच विचारतो, बँकेचा माणूसही तेच. 'आयुष्य मूल्यांकन' वाचून लोकांना वाटेल की मशीन अजून किती वर्षं टिकेल ते तपासायला कोणी येतंय.
खरी अडचण तर 'मूल्यांकन'चीच आहे. मिलवाल्याला मूल्यांकन म्हटलं की कर्जासाठी जागा-मशीनची किंमत काढणारा आठवतो. पुस्तिकेत हा शब्द दिसला की पहिला प्रश्न 'कर्ज मिळतंय का?'

भौतिकवाले सर
'मूल्यमापन' घेतलं तर शाळा आठवते, तेही सांगून ठेवतो. 'निर्धारण'ला कराचा वास आहे. 'लेखापरीक्षण' तर मुळीच घेऊ नका, कारण 'ऊर्जा लेखापरीक्षण' ही वेगळी गोष्ट आहे. तो परीक्षक कारखान्याच्या भिंतीच्या आत वीज कुठे गळते ते बघतो. आपला हिशेब भिंतीबाहेरही जातो: पोलाद कुठे बनलं, वीज कशापासून आली, भंगार कुठे गेलं.
आणखी एक गल्लत नेहमी होते. 'पर्यावरण आघात मूल्यांकन' प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी होतं, त्याची २००६ ची अधिसूचना आहे. ते एका जागेपुरतं असतं, विशिष्ट गावाच्या, विशिष्ट नाल्याच्या परिणामांबद्दल. जीवनचक्राचा हिशेब वस्तूचा किंवा कामाचा असतो, गावाचा नाही. त्याची आंतरराष्ट्रीय मानकं आयएसओ १४०४० आणि १४०४४. पहिलं १९९७ चं, आणि दोन्हींची आजची मांडणी २००६ ची.
माझं मत: शीर्षकात 'यंत्राचा आयुष्यभराचा पर्यावरण-हिशेब' घ्या. पहिल्या परिच्छेदात एकदा 'यालाच जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात' असं लिहा, म्हणजे पुढे सरकारी कागद हातात आला तर ओळख पटेल. 'आयुष्यभराचा' म्हटलं की घसाऱ्याची शंकाही राहत नाही.

तापीकाठची
'आयुष्यभराचा हिशेब' आवडलं. आता फंक्शनल युनिट. कोशात 'कार्यात्मक एकक' आहे. व्याख्या बरोबर आहे, पण वाचताना दात दुखतात.

जिनिंगवाला
म्हणजे नेमकं काय, एकदा साध्या भाषेत सांगा. मग शब्द देतो.

भौतिकवाले सर
दोन यंत्रं शेजारी ठेवून 'कोण जास्त प्रदूषण करतं?' असं विचारून भागत नाही. मोठं जिन जास्त वीज खाणारच, कारण ते कापूसही जास्त काढतं. तेव्हा आधी काम ठरवायचं आणि ते काम करायला कोणाला किती लागलं ते बघायचं. तुमच्याकडे ते काम म्हणजे १७० किलो रुईची एक दाबलेली गाठ.

जिनिंगवाला
मग 'गाठीमागे' लिहा ना! आमचा सगळा हिशेब गाठीमागेच चालतो. वीज गाठीमागे, मजुरी गाठीमागे. डाळमिलवाल्याला 'क्विंटलमागे'. व्याख्येत 'मोजणीचा आधार' म्हणा, पुढे सरळ गाठीमागे, क्विंटलमागे. 'कार्यात्मक एकक' सरांसाठी राखून ठेवा.

वाइंडिंग-भुसावळ
मी विजेच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेलं तारांचं वाइंडिंग काढून नवं घालतो, म्हणून या चर्चेत शिरतो. एक उदाहरण पुस्तिकेत टाकाच, शब्द आपोआप समजतील.
१० हॉर्सपॉवरची, म्हणजे ७.५ किलोवॅटची, चार पोलची मोटार घ्या. वजन सत्तर-ऐंशी किलो. आयई३ दर्जाची (आयई म्हणजे मोटारीच्या कार्यक्षमतेची श्रेणी, आकडा मोठा तितकी वीज कमी) असेल तर पूर्ण भारावर कार्यक्षमता ९०.४ टक्के, म्हणजे तासाला साधारण ८.३ युनिट वीज. हंगामात २,००० तास चालली तर १६,६०० युनिट. ग्रिडच्या विजेवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एका हंगामात साडेअकरा टन. मोटार बनवताना लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम सगळं मिळून जे उत्सर्जन झालं ते काहीशे किलोंच्या घरात. म्हणजे मोटारीच्या बाबतीत आयुष्यभराचा हिशेब जवळजवळ विजेच्या बिलातच आहे.
आता आयई२ची तीच मोटार, कार्यक्षमता ८८.७ टक्के. हंगामाला सव्वातीनशेच्या आसपास युनिट जास्त, म्हणजे वर सव्वादोनशे किलो कार्बन. कापूस कमी आला आणि जिन सहाशे तासच चाललं, तर हा फरक एक तृतीयांशाहूनही खाली येतो. म्हणून 'नवी घ्या' असा सरसकट सल्ला देऊ नका. आधी विचारा, हाई मोटर कितला दिन चालनी?
आणि भरलेल्या मोटारीबद्दल. जळालेलं वाइंडिंग काढायला काही जण स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, थेट ज्वाळेवर धरतात. त्याने पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि लोखंडातला तोटा वाढतो. नीट न भरलेली मोटार एक-दोन टक्के कार्यक्षमता गमावते. आयई२ ते आयई३ सगळा फरकच १.७ टक्क्यांचा आहे, तो तिथेच उडाला.

धुळेकर
भाऊ, उत्तम. फक्त तुम्ही 'पूर्ण भारावर' लिहिलंत तिथे एक शब्दाचा मुद्दा येतो. काही भाषांतरांत 'पर्यावरणीय भार' असतं. यंत्रांच्या पुस्तिकेत ते टाळा, कारण इथे भार म्हणजे लोड. एकाच पानावर मोटारीचा भार आणि पर्यावरणाचा भार आला की वाचणारा हरवला. 'परिणाम' पुरे आहे. 'आघात' उगाच जोरकस.
विजेबाबत आणखी एक. आमच्याकडचे लोक म्हणतात, 'समोर पवनचक्क्या फिरतात, आमची वीज स्वच्छच.' वीज ग्रिडमधून येते. त्यात भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राचा कोळसाही आहे. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) २०१४ च्या अहवालातले आयुष्यभराचे मध्यम आकडे: कोळशाच्या विजेला युनिटमागे ८२० ग्रॅम, जमिनीवरच्या पवनचक्कीला ११. पवनचक्कीचं पोलाद आणि पायाचं काँक्रीट धरूनही ११.

तापीकाठची
इन्व्हेंटरीसाठी 'आवक-जावक नोंद' सुचतंय. यंत्राच्या आयुष्यात काय काय आत आलं आणि काय काय बाहेर गेलं. 'साठा' म्हटलं तर गोदाम आठवतं.

जिनिंगवाला
एकदम बरोबर. त्यात रोलरचं चामडं विसरू नका. डबल रोलर जिनचे रोलर क्रोम चामड्याच्या चकत्यांचे असतात. चालताना ते झिजतात, खाचा परत पाडाव्या लागतात, भुकटी हवेत आणि थोडी कापसात जाते. त्यात क्रोमियम असतं. कार्बनच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाही. आत रोलर, बाहेर भुकटी, अशी ओळ नोंदीत हवीच. जिनमध्ये उभा असलेला माणूस ती भुकटी श्वासात घेतो.

भौतिकवाले सर
ही नोंद फार मोलाची. म्हणूनच आयएसओची पद्धत एकट्या कार्बनवर थांबत नाही. विषारीपणा, पाणी, आम्लता, सगळं वेगवेगळं मोजते.
अ‍ॅलोकेशनसाठी 'वाटणी' म्हणा. 'विनियोजन' वगैरे नको. शेताच्या वाटणीइतकीच भांडणं इथेही होतात. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६३ किलोच्या आसपास सरकी निघते. जिनच्या विजेचा परिणाम कोणावर टाकायचा? वजनाने वाटला तर सरकीवर जवळजवळ दोन तृतीयांश. किमतीने वाटला तर रुई महाग, म्हणून मोठा वाटा रुईवर. मानक म्हणतं, शक्यतो वाटणीची वेळ येऊ देऊ नका. टाळता आली नाही तर आधी वजनासारखा भौतिक आधार घ्या, तोही बसला नाही तर किंमत. पुस्तिकेत दोन्ही वाटण्या शेजारी छापा आणि कोणती धरली ते लिहा, नाहीतर तेलगिरणीवाला आणि सूतगिरणीवाला दोघेही आपल्याला सोयीचा आकडा उचलतील.

धुळेकर
राहिलं 'क्रेडल टु ग्रेव्ह'. 'खाणीपासून भंगारापर्यंत'. आणि कारखान्याच्या गेटपर्यंतच मोजलं असेल तर 'खाणीपासून फाटकापर्यंत'. पाळणाही नको, थडगंही नको.

तापीकाठची
'खाणीपासून भंगारापर्यंत' घेतलं. 'इंटरप्रिटेशन'ला, म्हणजे शेवटी आकड्यांचा अर्थ लावतात त्या भागाला, 'अन्वयार्थ' ठेवतेय, कोणाचा आक्षेप नसेल तर. वाटणीच्या उदाहरणात रुईचा उतारा (कापसातून किती रुई निघते ते) ३४ टक्के धरू ना? वाणागणिक बदलतो म्हणून विचारते.

जिनिंगवाला
३४ धरा, पण कंसात 'आपल्या जिनच्या रजिस्टरातला उतारा घ्या' असं लिहा. ओलसर कापसाच्या आठवड्यातला घेऊ नका, तो खोटा निघतो. अन्वयार्थाला आक्षेप नाही, ते पान तसंही कोणी वाचणार नाही.