नाताळचं सगळं साडेचार हजारांत बसवायचंय. ओव्हन घ्यावा की भट्टीवर द्यावं?

एस्तेर_सांगली
सगळ्यांना सलाम.
यंदा नाताळचा खर्च ४५०० रुपयांत बसवायचा आहे. जानेवारीत थोरलीची फी भरायची आहे, त्यामुळे वर एक रुपया जाऊ द्यायचा नाही. दशांश (कमाईचा दहावा हिस्सा, देवाच्या कामाला) आधीच बाजूला काढलाय, तो यात धरू नका. घरात सासूबाई धरून सहा जण. २५ तारखेला दुपारी नणंदेकडचे चौघं जेवायला. त्याआधी एका रात्री मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, कॅरल पार्टी घरी नाताळची गाणी म्हणायला येते, पंचवीस-तीस माणूस असतं. आणि मुख्य म्हणजे आमच्या वाड्यात बारा बिऱ्हाडं, त्यात आम्ही एकटेच ख्रिस्ती. दिवाळीला सगळ्यांची ताटं आमच्याकडे आली. नाताळला आमच्याकडून प्रत्येक घरी ताट जातं, सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून. यात खंड पाडायचा नाही.
केक आणि नानकटाई घरी करायला छोटा ओटीजी (विजेचा ओव्हन) घ्यावा, की बेकरीच्या भट्टीवर द्यावं? खर्च आणखी कुठं आवळता येईल? मुलींचे कपडे झालेत, आम्हा मोठ्यांना यंदा नाहीत. नाताळला टांगायची कागदी चांदणी मात्र फाटली आहे.

मिरज_जंक्शन
ओटीजी डोळे झाकून घ्या, पण छोटा घेऊ नका. मी ४० लिटरचा घेतलाय, दोन टिन शेजारी शेजारी बसतात. साडेआठ हजार गेले, पण वस्तू म्हणजे वस्तू. गेल्या नाताळला आमच्या घरच्या केकाला पास्टरांनी स्वतः दुसऱ्यांदा मागून घेतलं. वर्षभर पाव, बिस्किटं, चिकन सगळं होतं. एकदाच खर्च.

वाईची_काकू
अहो दादा, ती ४५०० म्हणतेय सगळ्याचे मिळून. वाचा तरी.
एस्तेर, भट्टीवरच दे गं. आम्ही पहिल्यापासून तेच करतो. नानकटाईचं पीठ घरून मळून न्यायचं, बेकरीवाला ट्रे देतो, तिथंच बसून गोळे वळायचे. एक किलो पिठाला ६०० ग्रॅम तूप आणि अर्धा किलो पिठीसाखर. पिठातला चौथा हिस्सा बेसन घाल, खुसखुशीत होते. भाजणावळ किलोवर घेतात. सकाळचा पाव निघाला की दुपारी भट्टी जरा निवते, तेव्हाची वेळ ठरव. २३-२४ ला जाऊ नकोस, रांग लागते आणि घाईत एक बाजू करपते. १८-१९ ला उरकून घे. डबा घट्ट असेल तर नानकटाईला काही होत नाही.

कऱ्हाडचा_दाऊद
खरा खर्च मटणात आहे, त्यावर कुणी बोलत नाही. आठशेच्या घरात किलो झालंय. दहा माणसाला दोन किलो धरलं तरी सोळाशे तिथंच गेले. चिकन करा, विषय संपला.

रूथ_सातारा
भट्टीला माझा विरोध. आमचा केक एका बेकरीत दिला होता, टिनावरची चिठ्ठी जळून गेली आणि दुसऱ्याच कुणाचा केक आमच्या हातात आला. त्यात दारूत भिजवलेला मेवा होता. घरात लहान मुलं, सासरे मंडळीत वडील, म्हणजे चर्चचे कारभारी. सगळा केक ठेवून द्यावा लागला.

मिरज_जंक्शन
म्हणूनच म्हणतो, घरचा ओव्हन.

वसईकर_सासुरवाशीण
रूथताई, रममध्ये मेवा भिजवणं आमच्या माहेरी पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. त्यात वाईट काय? केक भाजताना बरीचशी उडून जाते.

रूथ_सातारा
बरीचशी म्हणजे सगळी नव्हे. ज्यांनी घरात दारूमुळे काय होतं ते पाहिलंय, त्यांच्या ताटात ती नको. संत्र्याच्या रसात भिजवा, चव उत्तम येते. फक्त तो बाहेर आंबतो, म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा.

तासगावचा_बेदाणा
रस-रमवरून वाद घालण्यापेक्षा बेदाणा कोणता घेता ते बघा, पैसे तिथं वाचतात. माझं घर द्राक्षातलं आहे. दुकानात लोक लांबट, हिरवागार बेदाणा मागतात, त्यातले निम्मे पैसे रंगाचे. तो हिरवेपणा टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. केकात सगळा काळाच होतो. सांगलीत राहून पाकिटातला बेदाणा घेऊ नका. मार्केट यार्डाजवळच्या दुकानात बारीक किंवा तपकिरी माल सुटा मागा, बराच स्वस्त पडतो. देठं निवडा, कोमट पाण्यात दोनदा धुवा, फडक्यावर कोरडा करा, मग भिजत घाला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, बाहेरचे लोक नाव घेऊन मागतात आणि आपण इथं बसून महाग माल घेतो, याचं वाईट वाटतं.

एस्तेर_सांगली
बेदाण्याचं पटलं, धन्यवाद दादा. ओटीजी ४५०० मध्येच बसवायचा आहे हे पुन्हा सांगते. वीज किती खातो तेही कुणी सांगावं.

मिरज_जंक्शन
१५०० वॉटचा तासभर सतत चालला तर दीड युनिट. मध्ये मध्ये बंद होतो म्हणून त्याहून कमीच. तुम्हाला जड नाही जाणार. हप्त्यावर घ्या.

वाईची_काकू
हप्त्यावर नाताळ? प्रभूचा जन्म गोठ्यात झाला आणि आपण हप्ते काढायचे! मला हे मुळीच पटत नाही. आमच्या आईने उधारीचा सण कधी केला नाही. ज्या वर्षी नव्हतं, त्या वर्षी गुळाच्या शेंगदाणा वड्या केल्या आणि सगळ्यांना दिल्या.

नोकरीवाली_हन्ना
ओटीजी नको, भट्टी नको. कुकरमध्ये करा. तळाला मीठ किंवा वाळू, वर टिन, शिट्टी आणि रिंग काढायची, मंद आचेवर पाऊण तास.

कऱ्हाडचा_दाऊद
कुकर कोरडा तापवू नका. आमच्या नव्या कुकरचा तळ असाच फुगला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. पाण्याशिवाय कुकर गॅसवर ठेवायचाच नसतो. जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा लोखंडी कढई घ्या, वर घट्ट झाकण, झाकणावर वजन. केक तोच होतो.

विटा_मार्था
माझंही मत भट्टीला. १८-१९ ला जावं, गर्दी नसते.

वाईची_काकू
हेच मी वर सांगितलंय.

विटा_मार्था
हो काकू, पण एक राहिलं. नानकटाईचं पीठ थांबतं, केकाचं थांबत नाही. सोडा ओलं लागल्याबरोबर काम सुरू करतो. घरून कालवून रिक्षातून नेईपर्यंत त्याचा जोर संपतो आणि केक दगड होतो. कोरडं वेगळं न्या, अंडी-साखर-तूप फेटलेलं वेगळ्या डब्यात न्या, आणि भट्टीसमोर नंबर लागला की मगच एकत्र करा. टिनावर चिठ्ठी लावू नका, कडेला खिळ्याने अक्षर ओरखडा. ते जळत नाही.

रूथ_सातारा
हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

शाळामास्तर_इस्लामपूर
चांदणीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. विकतची प्लास्टिकची चारशे-पाचशेला मिळते आणि एका नाताळात फाटते. घरी साठ-सत्तर रुपयांत होते.
बुरडाकडून दीड हाताच्या दहा बांबूच्या कामट्या आणा. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा. कामट्या एकमेकींच्या आळीपाळीने वरून-खालून गेल्या पाहिजेत, म्हणजे सांगाडा हलत नाही. दोन्ही चांदण्या पाठीला पाठ लावून फक्त पाच टोकांना दोऱ्याने आवळा. मग आतल्या पाच कोपऱ्यांत चार-चार बोटं लांबीच्या काड्या आडव्या अडकवा. पोट फुगतं आणि चांदणी उभी राहते. कागद दिवाळीनंतर घ्या, आकाशकंदिलाचा उरलेला माल दुकानदार निम्म्याने देतात. खळ मैद्याची, आणि झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी आहे, खळ मुलांच्या हाती देऊ नका. त्यांना कागद कापू द्या. एका पाकळीचा कागद नुसता टाचून ठेवा, दिवा तिथूनच आत जातो. दिवा एलईडीचाच हवा, जुना पिवळा बल्ब तापतो.
पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा. आमचा एक सांगाडा मुलगा बालवाडीत होता तेव्हाचा आहे, आता तो कॉलेजात आहे.

एस्तेर_सांगली
मास्तर, हे फार कामाचं. धाकटीला दाखवलं, ती आत्ताच कामट्या मागतेय.

पाचगणी_हिल
भेटीला स्ट्रॉबेरी जॅम द्या. आमच्याकडे सगळे तेच देतात.

वाईची_काकू
डिसेंबरात फळ नुकतं सुरू होतं, तेव्हा भाव बघा. जॅम करायचा तर मार्चमध्ये, बारीक आणि मऊ फळ स्वस्त मिळतं तेव्हा. या नाताळला त्याचा उपयोग नाही.

वानलेसवाडीकर
कॅरल पार्टीला काय देणार? आमच्याकडे आता पावभाजी, कोल्ड्रिंक, वर साउंड सिस्टीमचं भाडं. हे सगळं कशासाठी? आमचे आजोबा मिरजेच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केला तोच. त्यांच्या काळी एक कंदील, एक ढोलकी आणि टाळ. घराघरांत बिनदुधाचा गुळाचा चहा आणि भाजलेल्या शेंगा. एस्तेरताई, तीन किलो शेंगा उकडा, मीठ घाला, मोठं पातेलंभर चहा ठेवा. थंडीत रात्री अकराला गाणाऱ्या माणसाला गरम शेंगांइतकं दुसरं काही लागत नाही.

रूथ_सातारा
ढोलकी-टाळाचं अगदी खरं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं आपल्या अभंग-ओवीच्या वळणावर बांधली आणि १९१७ नंतर ते आमच्या साताऱ्यातच राहिले. त्यांची पदं गिटारवर ओढूनताणून का म्हणायची?

नोकरीवाली_हन्ना
तरुण पोरं गिटारमुळे तरी येतात. त्यांना नावं ठेवू नका. आमच्या गटातल्या निम्म्या मुलांना टाळ धरता येत नाही, हे शिकवायचं काम कुणाचं होतं?

वानलेसवाडीकर
आमचंच होतं. या रविवारी उपासनेनंतर या, मी शिकवतो. पण साउंड सिस्टीमचं भाडं वाचवा.

कुपवाडची_मेधा
मी ख्रिस्ती नाही, पण शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे म्हणून लिहिते. ताई, तुम्ही केकच्या मागे लागला आहात, पण शेजारच्या ताटांचा विचार करा. आमच्या घरी सासूबाई अंडं खात नाहीत. डिसेंबरात बहुतेक वेळा मार्गशीर्षातले गुरुवार येतात, तेव्हा तर बाकीचेही खात नाहीत. शेजारच्या काकू प्रेमानं केक पाठवतात, आम्ही प्रेमानं घेतो आणि तो कामवाल्या मावशींकडे जातो. त्यांना सांगायला जीभ रेटत नाही. करंजी, शंकरपाळे आले की तिथंच बशी रिकामी होते. तुमच्या वाड्यात किती घरं अंडं खातात ते आधी आठवून बघा.

मिरज_जंक्शन
बिनअंड्याचा केकही होतो ओव्हनमध्ये. दही घालायचं.

वसईकर_सासुरवाशीण
कुलकुल करा! मैद्याच्या बारक्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायच्या आणि तळायच्या. मुलं तासन्‌तास बसून करतात. फक्त अंडं न घालता.

कऱ्हाडचा_दाऊद
मटणाचं काय ठरलं? चिकनच करा.

एस्तेर_सांगली
सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री सासूबाई, हे आणि मी बसून ठरवलं.
ओटीजी घेत नाही. भट्टीवरही देत नाही. यंदा घरात केकच करायचा नाही. मेधाताई, तुमचं वाचून मी घरं मोजली. अकरापैकी सात घरांत अंडं चालत नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला ते कधीपासून माहीत आहे, केकचा हट्ट तुम्ही लोकांनी आणलात. त्यांच्या वेळी ताटात करंजी, शंकरपाळे आणि चकलीच असायची. तेच करतोय. खोबरं महाग आहे म्हणून करंजीत भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि गूळ. गुळाचं सारण फार दिवस राहत नाही, म्हणून तळण २३ ला. बेदाणा सुटा आणून करंजीतच घालते. केक २५ ला उपासनेनंतर मंडळीत कापतात, मुलींना तिथं मिळेल.
चांदणी मास्तरांच्या पद्धतीनं. कॅरलला शेंगा आणि गुळाचा चहा.
आणि मटण दोन किलो, कमी नाही. नणंदेच्या घरी या वर्षी दुःख झालंय, ती माणसं पहिल्यांदाच सणाला बाहेर पडतायत. त्यांना माहेरच्या ताटात नेहमीचंच वाढायचं, हा आमचा निर्णय आहे. फराळाचं सामान १३००, मटण आणि बाकी स्वयंपाक २२००, शेंगा-चहा ५००, चांदणी १००. चारशे हाताशी राहतात.

कऱ्हाडचा_दाऊद
बहिणीसाठी असेल तर मटणच करा ताई. देव त्या घराला शांती देवो.

मिरज_जंक्शन
केकशिवाय नाताळ मला तरी पटत नाही. पुन्हा विचार करा.

वाईची_काकू
मलाही केक हवासा वाटतो खरा. पण तुझ्या सासूबाईंना माझा सलाम सांग. शेंगदाण्याच्या सारणात जायफळ किसून घाल, वेलदोड्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि कूट भरड ठेव. बारीक केलंस तर तेल सुटून करंजी फुटते.

एस्तेर_सांगली
सांगते काकू. मास्तर, सांगलीत बुरूड कुठं बसतात आता? जुन्या जागी कुणी दिसलं नाही.

शाळामास्तर_इस्लामपूर
आठवडी बाजारात बघा, टोपल्या-सुपं विकणाऱ्यांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं तर कामट्या तासून आणून देतात. ओल्या बांबूच्या मागा, वाकवताना मोडत नाहीत.