पडवीच्या दिव्याच्या स्विचवर अंगणातले दिवे कसे जोडावेत?

उंबरठा
रत्नागिरीजवळ जांभ्याचं जुनं घर आहे. पडवीत एक दिवा, त्याचा स्विच आत दाराजवळच्या बोर्डावर. त्याच स्विचवर आणखी चार दिवे घ्यायचेत: दोन पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर, दोन फाटकाच्या खांबांवर. फाटक २२ मीटरवर. पाचही दिवे १२ वॉटचे एलईडी. वायरिंग जुनं, लाल-काळं. बोर्डात हिरवी वायर कुठे दिसत नाही. मेनला ३० मिलीअँपिअरचा एकच आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे. स्विच ६ अँपिअरचा, तो पुरेल का? जोड बोर्डात द्यायचा की दिव्यापाशी? आणि फाटकापर्यंत कोणती वायर न्यायची?

तारकस
स्विचची चिंता सोडा. पाच दिवे म्हणजे ६० वॉट. स्वस्त एलईडीचा पॉवर फॅक्टर ०.५ धरला, म्हणजे करंट दुप्पट धरला, तरी तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास. बघायचं ते सर्किटवर किती पॉइंट आहेत ते. लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट ही मर्यादा पाळतात. तुमचे चार वाढणार, तेव्हा आधीचे मोजून घ्या.

जोड दिव्यापाशीच द्या. जुन्या बोर्डात स्विचला फक्त फेज येते आणि स्विचमधून पुढे जाते. न्यूट्रल परस्पर दिव्याकडे गेलेला असतो. म्हणजे स्विचमधून आलेली फेज आणि तिचाच न्यूट्रल एकत्र सापडतात ते पडवीच्या होल्डरपाशी. तिथून दोन्ही तारा पुढे लूप करत न्या, सगळे दिवे पॅरलल.

बोर्डात हात घातला की दोन चुका हमखास होतात. पहिली, नव्या दिव्याच्या दोन तारा स्विचच्याच दोन टोकांना लावणे. मग तो दिवा पडवीच्या दिव्याशी सिरीजमध्ये जातो: स्विच बंद असताना मिणमिणतो आणि चालू केला की विझतो. दुसरी, शेजारच्या प्लगमधून न्यूट्रल उसना घेणे. प्लग वेगळ्या सर्किटवर असेल तर ही जास्त वाईट, कारण दिवा व्यवस्थित लागतो. तुमच्याकडे आरसीसीबी एकच, त्यामुळे तोही उडणार नाही. पुढे कधी कुणी त्या प्लगचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडून, सगळं बंद आहे असं समजून न्यूट्रल सोडवला, की दिव्यातून आलेली फेज त्या काळ्या तारेवर उभी असते.

कामाचा क्रम: आधी स्विच बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा. एकावरही पेटला तर स्विच न्यूट्रलमध्ये बसवलेला असण्याची शक्यता मोठी. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. ते आधी सुधारून घ्या. नाहीतर स्विच बंद करूनही पाचही दिव्यांत फेज राहील आणि एलईडी रात्रभर मंद उजळत राहू शकतात. मग मेन बंद करा, नुसता स्विच नाही. टेस्टर मेन पाडण्याआधी चालू प्लगवर तपासा, नंतर होल्डरवर लावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाहीच.

होल्डरमागे आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न घेणारा) जंक्शन बॉक्स बसवा, केबल खालच्या बाजूने, तिच्याभोवती आवळून बसणाऱ्या ग्लँडमधून आत. तारा १०-११ मिमी सोलून लिव्हरच्या किंवा पितळी स्क्रूच्या कनेक्टरमध्ये. पिळून टेप गुंडाळलेला जोड बाहेर नको. उन्हाने टेपचा चिकटा सुटतो आणि पहिल्या पावसात पाणी शिरतं.

पिवळी_पट्टी
रंगावर विसंबू नका. लाल-काळ्या घरात मधे कुणी दुरुस्ती करून निळी तार घातली असेल, तर ती न्यूट्रल असेलच असं नाही. तीन फेजच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी या तिन्ही फेज असतात आणि काळी न्यूट्रल.

गडगा
फाटकासाठी तीन कोअर (फेज, न्यूट्रल, अर्थ), अडीच स्क्वेअर एमएम, तांब्याची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल घ्या. व्होल्टेजसाठी दीडचीही चालली असती, २२ मीटरवर घट नगण्य आहे. अडीच घ्यायची ती मजबुतीसाठी आणि पुढे कुणी फाटकावर आणखी काही जोडेल म्हणून. मोजताना नुसते २२ मीटर धरू नका: पडवीवरून उतरणं, खांबावर चढणं, फाटकाखालून दुसऱ्या खांबाकडे जाणं आणि दोन्ही टोकांचा राखीव वेटोळा धरून ३५ मीटर लागेल.

चर अडीच फूट. तळाला तीन बोटं वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, वर विटा आडव्या. फाटकाखाली गाडीचं वजन येतं, तिथे जीआय पाइपातून न्या. जांभा लागला आणि खणणं जमेना, तर गडग्याच्या कडेने क्लॅम्प मारत न्या. आर्मर्ड केबलला ते चालतं. उन्हात उघडा साधा पीव्हीसी पाइप मात्र काही वर्षांत ठिसूळ होतो.

उंबरठा
तिसरी कोअर अर्थिंगची हे कळलं. पण बोर्डातच अर्थिंग नाही. फाटकाचे लोखंडी खांब जमिनीत रोवलेले आहेत, तेच अर्थ म्हणून धरले तर?

तारकस
नाही. खांबाचा जमिनीशी रेझिस्टन्स ५० ओहम धरा. फेज खांबाला लागली तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. यावर ६ अँपिअरचा एमसीबी पडतच नाही, आणि फाटक फेजवर उभं राहतं. तुमचा आरसीसीबी वाचवेल, पण सगळा भार त्या एकावर टाकायचा नसतो. मेन बोर्डाच्या अर्थ पट्टीपासून पडवीपर्यंत वेगळी हिरवी अडीचची तार ओढून घ्या आणि केबलचं आर्मरही त्यालाच जोडा. दुहेरी चौकोनाची खूण असलेले प्लास्टिकचे दिवे घेतलेत तर दिव्याला अर्थ लागत नाही, आर्मरला लागतोच. मेन बोर्डातलं हे काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या.

पिवळी_पट्टी
आणखी एक, जे आषाढात कळतं. फाटकाच्या दिव्यात पाणी शिरलं आणि न्यूट्रल अर्थला टेकला, की स्विच बंद असूनही आरसीसीबी उडू शकतो, कारण साधा स्विच फक्त फेज तोडतो. मग अख्खं घर अंधारात. म्हणून फाटकाची केबल निघते तिथे आयपी ६५ पेटीत डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच बसवा. लाइट उडाली की तो पाडायचा, घर चालू राहतं. केबल पुरण्याआधी आणि पुरल्यावर, दिवे न जोडता, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) तपासून घ्या. रेझिस्टन्स १ मेगओहमच्या खाली आला तर चालू करू नका. नवी कोरडी केबल याच्या कितीतरी पट वर दाखवते.

गडगा
दिवे भिंतीवर बसवताना सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना भरा, खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजू बुजवल्या की आत साठलेल्या दमटपणाचं पाणी होतं आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मुंग्यांसाठी ग्लँड नीट आवळलेला पुरे. केबलच्या जाडीपेक्षा एक माप मोठा ग्लँड घेतला तर तिथूनच त्या घर करतात.