दुसरी गाडी आत्ता घ्यावी का? (दहा चाकी, इंदूर-मुंबई लाइन)

रामबाग_इंदूर:
नमस्कार मंडळी. आमची एक दहा चाकी आहे, बाबांनी घेतलेली, देवास नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्टरकडे अटॅच आहे. पीथमपूरहून भिवंडी नाहीतर न्हावा शेवा, येताना जे मिळेल ते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ झाला तेव्हापासून शोरूमवाले सारखे फोन करतात की हीच वेळ आहे, फायनान्सवालेही मागे लागलेत. बाबा म्हणतात थांब, भाडं आहे तिथंच आहे आणि डिझेल टोल सगळं वाढलंय. घरात रोज हाच विषय. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांनी सांगा ना, या सगळ्याचा एक-दोन गाडीवाल्याला खरंच काही फायदा होतो का?

मालवा_रोडलाइन:
भाऊ फायदा आहे आणि छोट्यालाच जास्त आहे. मोठे फ्लीटवाले भाड्यावर जीएसटी लावतात नि गाडीवर भरलेला टॅक्स क्रेडिटमध्ये काढून घेतात (म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा करतात), त्यांना २८ काय नि १८ काय, फक्त पैसा कमी अडकतो. आपण गाडी ट्रान्सपोर्टरला भाड्याने देतो, त्या भाड्यावर जीएसटी माफ म्हणून क्रेडिट पण नाही, भरलेला टॅक्स सगळा आपल्याच अंगावर. पण दहा टक्के वाचतात असं कोणी सांगत असेल तर तसं नाही, १२८ ची गाडी ११८ ला, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. टायर पण १८ वर आले, थर्ड पार्टी इन्शुरन्सवर १२ चा ५ झाला.
डिझेल मात्र अजून जीएसटीच्या बाहेरच, एमपीचा व्हॅट आणि वर सेस. माझ्या मते खरा प्रश्न तिथं आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. यूपीकडचा फेरा असला की आमचे ड्रायव्हर टाकी तिकडंच भरतात.

बडोदेकर:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण गाडी स्वस्त झाली की सगळ्यांनाच स्वस्त होते हे पण बघा. २०१८ आठवतंय का, जुलैत सरकारने लोड वाढवला, दहा चाकीचा एकूण पासिंग (गाडी नि माल मिळून कायद्याने चालणारं वजन) २५ चा २८.५ टन झाला, बारा चाकीचा ३१ चा ३६. रस्त्यावर एकही नवी गाडी न येता जागा वाढली, माल तेवढाच, आणि पुढच्याच वर्षी नव्या ट्रकचा खप धपकन पडला, हप्तेवाले सगळ्यात आधी बसले. आता सगळ्यांनी गाड्या काढल्या की भाडं परत खालीच येणार. म्हणून टॅक्स बघून नाही, परतीचा माल बघून गाडी घ्या. भिवंडीत दोन-दोन दिवस माल बघत उभी राहिली तरी हप्ता काय थांबत नाही.

सेंधवा_लाइन:
एक चांगलं झालं ते पण लिहितो, १ जुलै २०२४ पासून एमपीचे आरटीओ चेकपोस्ट बंद झाले, गुजरातेत २०१९ लाच झाले होते. बिजासन घाटाच्या आधी जो खोळंबा व्हायचा तो कमी झाला. ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) २०० किमीला एक दिवस हिशोबाने चालतं त्यामुळे वेळेचं फार महत्त्व आहे.

मालवा_रोडलाइन:
पेमेंटचं राहिलं. तुमचा बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, किती दिवसांनी येतो?

रामबाग_इंदूर:
माल पोचल्याची पावती दिल्यावर दोन महिने, कधी तीन. डिझेल रोख, टोल लगेच, ड्रायव्हरला अ‍ॅडव्हान्स रोख आणि आपलं मागितलं की पुढच्या आठवड्यात. बाबांचा सगळा राग यावरच आहे.

मालवा_रोडलाइन:
मग गाडीच्या आधी उद्यम रजिस्ट्रेशन (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. शिवाय २०२३-२४ पासून असं आहे की मुदतीत दिलं नाही तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो, म्हणून मार्च जवळ आला की त्यांचे सीए स्वतःच फोन करायला लावतात. बिलावर उद्यम नंबर छापून द्या.

रामबाग_इंदूर:
हे माहीतच नव्हतं. गाडी बाबांच्या नावावर आहे, बिलं माझ्या फर्मची जातात, कोणाच्या नावाने करू?

मालवा_रोडलाइन:
ज्याचं बिल जातं त्याच्याच नावाने. आधार, पॅन लागतं, ऑनलाइन फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. आधी नंबर घ्या, मग पुढची बिल्टी (मालाची पावती) काढा.